खंडेनवमीला पूजलेला फळा

सन दोन हजार बावीस, वैशाख महिना. शाळेला सुट्टी होती आणि अंबरनाथ तापलं होतं. त्या उन्हात चार माणसांनी मला टेम्पोतून उतरवलं आणि बुवापाड्याच्या शाळेत, दहावीच्या वर्गात, काळ्या फळ्याच्या शेजारी भिंतीवर ठोकलं.

मी डिजिटल फळा बोलतोय. रडगाणं गायला नाही. झालं ते सांगायला.

माझी घडण कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाली. ते मला आठवत नाही. मी पहिल्यांदा उजळलो तो या भिंतीवर, म्हणून मी इथलाच.

शेजारच्या काळ्या फळ्याशी मी बोलत नसे. तो खडूचा, मी विजेचा. गर्व होता मला, आणि त्याला कारणही होतं. माझ्यावाचून चिंतामणी सरांचं चालत नव्हतं.

सर दहावीला भूगोल शिकवायचे. आदल्या वर्षी त्यांच्या घशाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आवाज कायमचा गेला. गळ्याला भोक होतं, श्वास त्यातूनच घ्यायचे. वर पातळ रुमाल बांधलेला असायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं की खडूची धूळ छातीत गेली तर जिवावर बेतेल. बोलता येत नाही आणि खडू धरता येत नाही, असा मास्तर वर्गात काय करणार?

तो माझ्यासमोर उभा राहिला. बोटाने माझ्या काचेवर लिहू लागला. सर एक ओळ लिहायचे, पोरं ती मोठ्याने वाचायची. सर नदी काढायचे, करिष्मा येऊन तिच्यावर धरण काढायची, विनीत येऊन ते खोडायचा.

"ए, माझं धरण का पुसलं?"

"चढावर बांधलंस. पाणी काय जिना चढणार?"

सर हसले की आवाज होत नसे, फक्त रुमाल हलायचा. पण अख्खा वर्ग सरांच्या वतीने बोलायचा. एवढा बोलका वर्ग त्या शाळेत दुसरा नव्हता.

मग खंडेनवमी आली.

शिवराम हा शाळेचा शिपाई. पोरं त्याला मामा म्हणत. चौथी शिकलेला, पण देवाधर्माला पक्का. दरवर्षी तो शाळेतली कपाटं, शिवणयंत्र, प्रयोगशाळेचा तराजू पुजायचा. त्या वर्षी सगळ्यांत आधी माझ्याकडे आला. "हे सरांचं हत्यार," म्हणाला. ओलं हळदकुंकू चारही कोपऱ्यांना लावलं. झेंडूचा हार घातला. नारळ फोडला आणि त्याचं वाटीत धरलेलं पाणी, पूजेत काही कमी पडायला नको म्हणून, माझ्या डोक्यावरून शिंपडलं.

माझ्या डोक्याला जाळी आहे. हवा जाते तिथून. पाणीही जातं.

दसऱ्यानंतर सर वर्गात आले, बटण दाबलं. मी उजळलो नाही. सरांनी पुन्हा दाबलं. मग पोरांकडे वळले, तोंड उघडलं आणि मिटलं. त्या दिवशी त्या वर्गात कुणीच कुणासाठी बोललं नाही.

उल्हासनगरहून मुकेश नावाचा कारागीर आला. माझी पाठ उघडून त्याने वास घेतला.

"नारियल फोडा क्या इसपे?"

"पूजा केली," शिवराम म्हणाला.

"काका, पूजा ठीक है. पर आंघोळ कशाला घातली? बोर्ड जल गया. आता हा फक्त भिंत आहे, समजा."

मुख्याध्यापिका सुनंदाबाई दारात उभ्या होत्या. दुसरा फळा लगेच मिळणार नव्हता. त्या सरांना म्हणाल्या, "सर, उद्यापासून ग्रंथालयात बसा. पगाराला धक्का नाही लागणार. भूगोल मी कसाही उरकते."

सरांनी मान हलवली. होकार होता की नकार, कळलं नाही. आजार पुन्हा उलटला होता; ही त्यांची शेवटची दहावी होती, हे सगळ्यांना माहीत होतं.

शिवराम मधे पडला. "बाई, सरांनी कागदावर लिहावं. मी खडूने फळ्यावर उतरवतो. सर तिकडे खिडकीशी बसतील, धूळ माझ्या नाकात जाईल."

"शिवराम, तुम्हाला येतं का लिहायला?"

"अक्षर बघून अक्षर काढतो. हे ऋण माझं आहे. धडे संपेस्तोवर उभा राहीन."

उभा राहिला. सर जाड पेनाने कागदावर लिहायचे, शिवराम काळ्या फळ्यावर उतरवायचा. त्याची ओळ नेहमी तिरकी खाली जायची.

"मामा, ओळ अंबरनाथला चढली आणि बदलापूरला उतरली!" विनीत ओरडायचा.

"उतरू दे. तू तिकीट काढ आणि वाच."

पोरं वाचू लागली. वर्ग पुन्हा बोलू लागला. मी शेजारी काळा होऊन लटकलो होतो. उजेड गेला होता माझा, डोळे-कान शाबूत होते. ज्या फळ्याशी मी बोललो नव्हतो, त्याने माझं काम केलं. मला ते आवडलं नाही. पण खोटं बोलणार नाही, काम चोख झालं.

माघात सर इस्पितळात गेले. भूगोलाचा एक धडा राहिला होता. सर पलंगावरून कागद लिहायचे, त्यांचा मुलगा फोटो काढून शिवरामच्या मोबाइलवर पाठवायचा. शिवराम एका हातात मोबाइल, एका हातात खडू घेऊन लिहायचा. सरांचं अक्षर रोज लहान होत गेलं. मग एका सकाळी फोटो आला नाही. दुपारी सुनंदाबाई वर्गात आल्या. मान खाली घालून त्या माझ्याखाली उभ्या राहिल्या, आणि पोरं उठून उभी राहिली.

मी आजही त्याच भिंतीवर आहे. माझ्यावर वेळापत्रक चिकटवतात. येणाऱ्या नव्या फळ्याला पुजा, जरूर पुजा. कोरड्या हाताने पुजा. मला एवढंच मागायचं होतं.

एक सांगायचं राहिलं. सर गेल्यावर तिसऱ्या दिवशी शिवराम वर्गात आला. खडू घेतला.

"मामा, सरांचा कागद नाही," करिष्मा म्हणाली.

"पुस्तक आहे ना? वाच."

तिने वाचलं. शिवराम लिहू लागला. विनीतने अडवलं. "मामा, सर एवढं लांब नाही लिहीत."

"मग सर काय लिहितील ते सांगा."

पोरं कुजबुजली, भांडली. मग एकेक ओळ सांगू लागली. आखूड, सरांसारखी. शिवराम लिहीत गेला, ओळ खाली जात गेली, पोरं वाचत गेली. विनीतचा आवाज मधेच बसला, तेव्हा करिष्माने त्याची ओळ वाचली.

धडा संपला. शिवरामने खडू ठेवला. खिडकीशी खुर्ची रिकामी होती, तिच्याकडे वळून त्याने हात जोडले.

"फिटलं, सर," म्हणाला, आणि गेला.