दारावर रंगवलेला पासवर्ड

मित्रांनो, मला डबडं म्हणू नका. मी एक जुना राउटर आहे. जुना म्हणजे भंगार नव्हे. माणसंही जुनी होतात, त्यांना कोणी वजनावर विकत नाही. माझ्या फळीखालीच आजींची खुर्ची आहे. दिवसभर त्यांचं बोलणं कानावर पडतं, म्हणून माझी जीभही जरा तिखट झाली आहे. तेवढं सोसा आणि ऐका.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात हिरवी पट्टी बसवली, डोक्यावर दोन शिंगं लावली आणि बुडाला एक चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर माझं छापील नाव आणि छापील पासवर्ड. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. पण बाहेरून एका तारेतून आलेलं इंटरनेट घरभर हवेतून वाटायचं, हे काम मला उपजतच येत होतं. माशाच्या पोराला कोणी पोहायला शिकवतं का?

वायफायवाल्याने मला या घरी आणलं. आजींच्या घरात मोलाची वस्तू एक तर काचेच्या कपाटात जाते, नाही तर विणलेल्या रुमालाखाली. त्यांनी माझे दोन्ही सोहळे केले. आधी रुमाल, मग कपाट. वायफायवाला कळवळला.

"आजी, ह्याला कोंडू नका हो. घराच्या मधोमध, उंचावर, मोकळा ठेवा. गुदमरला तर चालेल कसा?"

"आणि धूळ बसली म्हणजे?"

"पुसायची."

"ह्याची पुसेन मी. तू बुटांबरोबर आणलीस ती कोण पुसणार?"

बिचारा चवड्यांवर चालत बाहेर पडला. जाता जाता मात्र लाखमोलाचं बोलून गेला. "पासवर्ड आजच बदला. दोन आहेत. एक नेट वापरायचा आणि दुसरा आतल्या सेटिंगचा. तो दुसरा ज्याच्या हाती, राउटर त्याचा चाकर!"

ऐकलं कोणी? आजोबांनी माझी चिठ्ठी चष्म्यातून निरखली आणि म्हणाले, "काय स्वच्छ अक्षर छापलंय! बदलायचं कशाला?"

आजोबांना अक्षराचं वेड. जन्मभर त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अख्खी गल्ली त्यांना पेंटरकाका म्हणते. मन मोठं, इतकं मोठं की त्याला कडीच नाही. शेजारीपाजारी पासवर्ड मागायला येऊ लागले. दर वेळी चष्मा शोधा, मला उलटा करा, एकेक अक्षर वाचून दाखवा. आजोबा कंटाळले आणि त्यांनी एके सकाळी डबे उघडले, ब्रश भिजवला आणि पासवर्ड चक्क घराच्या दारावर रंगवला! निळी अक्षरं, पिवळी किनार आणि खाली करडी सावली. दारातून अक्षरं उठून अंगावर येतील असं वाटावं.

आजींनी कपाळाला हात लावला. "अहो, घराची किल्ली दारावरच टांगलीत?"

"नेट आहे, दागिने नव्हेत. कोणाच्या चार थेंबांनी विहीर आटते का?"

"थेंबांनी नाही आटत. पण गाव बादल्या घेऊन येतं."

मी मनात म्हटलं, आजी, लाख बोललात. पण मला विचारतं कोण?

खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मलाही मजा आली. लोक दाराशी थांबून अक्षरांची तारीफ करत आणि मग जिन्यात बसून नेट वापरत. वरच्या मजल्यावर सिनेमे, खालच्या मजल्यावर गाणी, जिन्यात क्रिकेट. मी सगळ्यांना पुरवत होतो. ऊर भरून यायचा. पुढे पुढे ऊर भरला नाही, तापू लागला. एकाच आईला शंभर पोरांनी हाका मारल्यावर ती कोणाकोणाला ओ देणार?

आता घरच्या सुनेबद्दल सांगतो. तिचा नवरा जहाजावर नोकरीला. ती स्वतः कर्णबधिर मुलांना शिकवायची, हातांच्या खुणांनी. लग्नानंतर या गावी आली, तर इथे तशी शाळाच नाही. तिचे हात गप्प झाले. भांडी घासताना एकटीच खुणा करायची आणि साबणाचा फेस भिंतीवर उडायचा. आजी कुरकुरत, पण फेस स्वतः पुसत.

एक दिवस दूरच्या शाळेने तिला बोलावलं. काम घरूनच, रोज व्हिडिओवर. अट एकच, आधी एक धडा घेऊन दाखवायचा. आजींनी तिच्यासाठी खोली झाडली आणि पाठीमागे साधा पडदा लावला. धडा सुरू झाला. पहिली खूण गेली, दुसरी गेली, आणि तिसऱ्या खुणेला माझा जीव गुदमरला. जिन्यात सामना रंगात आला होता हो! पलीकडच्या मुलांना आमची सून दिसली ती हात हवेत धरून थिजलेली. बोलण्यातला शब्द तुटला तर माणूस अंदाज बांधतो. पण खूण अर्ध्यावर थिजली की तिचा अर्थच उरत नाही. मुलं एकमेकांकडे पाहू लागली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "परवा पुन्हा पाहू. पण चित्र असंच अडकलं तर मला दुसऱ्या कोणाला घ्यावं लागेल."

 सुनेने मोबाइल उघडून वायफायची नावं पाहिली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"आई, आपलं नाव कुठे गेलं? आणि हे 'फुकटची पाणपोई' काय आहे? सगळ्यात जोरात तर हेच येतंय."

हो मित्रांनो, तो मीच! कोणीतरी नुकतंच माझ्या सेटिंगमध्ये शिरून माझं बारसं केलं होतं. आतला पासवर्डही कारखान्यातलाच होता ना, शिरणाऱ्याला कसली अडचण? कोणी केलं ते मला ठाऊक आहे. पण मी चहाडखोर नाही.

आजी ताडकन उठल्या. "पाणपोई? माझ्या घराला? सूनबाई, ह्याला आत्ताच्या आत्ता शुद्धीवर आण!"

आजोबा मात्र खाली बसले. "माझ्या पाटीपायी पोरीचं काम जातंय गं," ते हळूच म्हणाले. तो आवाज मी त्या घरात कधी ऐकला नव्हता.

"बाबा, अजून गेलं नाहीये," सून म्हणाली आणि तिने बाह्या सावरल्या.

तिने माझ्या पाठीवरच्या बारीक भोकात टाचणी खुपसली आणि धरून ठेवली. मी सगळं विसरलो, नवजात झालो. वायफायवाल्याला फोन करून तिने जोडणीची माहिती घेतली. मग सेटिंग उघडून पहिल्यांदा आतला पासवर्ड बदलला. माझं जुनं ज्ञान अपडेट केलं. हवेतून जाणाऱ्या माहितीचं जुनाट कुलूप काढून नवं, मजबूत कुलूप निवडलं. एक बटण दाबून कोणालाही आत घेण्याची माझी एक खोड होती, तीही बंद केली.

"आता नेटचा पासवर्ड. लांब हवा, आणि कोणाला सुचणार नाही असा."

"माझा वाढदिवस टाक," आजोबा म्हणाले.

"तुमचा वाढदिवस गल्लीतल्या मांजरांनासुद्धा पाठ आहे. आठ दिवस आधीपासून सांगत फिरता!" आजी म्हणाल्या. "थांब, मी देते." आणि त्यांनी सुनेच्या कानात चार शब्द सांगितले, एकाचा दुसऱ्याशी काडीचा संबंध नसलेले. सून हसता हसता खुर्चीवरून घसरली. ते शब्द मी सांगणार नाही. मला ठोकलंत तरी नाही.

आजोबांनी डबा उघडला आणि स्वतःच्या हाताने दारावर रंगाचा हात फिरवला. पहिल्या हाताने अक्षरं झाकली गेली, पण सावली दिसत राहिली. त्यांनी दुसरा हात दिला. आजी ब्रश पुसायचं फडकं घेऊन शेजारी उभ्या होत्या.

वरच्या मजल्यावरच्या वहिनी तेवढ्यात उतरल्या. "काय हो पेंटरकाका, पुसलंत? आता आम्ही परके का?"

 आजी फडकं झटकत पुढे झाल्या. "परके कशाला? पाहुण्या आहात. पाहुण्यांनी बाहेरच्या खोलीत बसावं, आमच्या कपाटात कशाला डोकावावं?"

सुनेने तशीच सोय केली होती. माझ्यातच पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क, त्याचा वेगळा पासवर्ड, वेग बेताचा. त्यावरून घरच्या वस्तूंपर्यंत पोचता येत नाही. आणि धड्याच्या वेळी ते बंद. वहिनींनी आधी नाक मुरडलं. मग धड्याचं कारण कळल्यावर म्हणाल्या, "आधी सांगायचं ना! परवा जिन्यात कोणी फोन काढला तर मी बघते त्याच्याकडे."

परवाचा दिवस उजाडला. सून पडद्यापुढे बसली. आजी दाराबाहेर, आजोबा आजींच्या मागे. मी माझ्या सगळ्या दिव्यांनिशी सज्ज. धडा सुरू झाला आणि तिच्या बोटांतून पक्षी उडाला, झाड वाढलं, विमान उतरलं. एकही खूण मी सांडू दिली नाही. पलीकडे मुलांचे हात हलू लागले, आधी दोन, मग सगळे. शिकवता शिकवता सुनेची एक बट सारखी डोळ्यांवर येत होती आणि ती फुंकरीने उडवत होती.

धडा संपला. एक लहानगी कॅमेऱ्याजवळ आली, कपाळाशी बोट नेलं आणि बट उडवल्यासारखं केलं. मग सगळ्या वर्गाने तीच खूण केली. सुनेच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"काय झालं गं?" आजी घाबरून आत आल्या. "पुन्हा अडकलं?"

"नाही आई. मुलांनी मला नाव दिलं, बट उडवायची ही खूण. त्यांच्या भाषेत ते आपल्या माणसालाच मिळतं."

मुख्याध्यापिका हसत होत्या. "आता मी काय ठरवणार? मुलांनी ठरवलंच आहे. सोमवारपासून या."

आजोबा जोरजोरात टाळ्या वाजवू लागले. आजींनी त्यांचे हात धरले. "अहो, त्यांना ऐकू येतंय का? असे!" आणि दोन्ही हात वर करून त्यांनी पंजे हवेत हलवले, टाळीची खूण. ही खूण त्या कधी शिकल्या कोण जाणे! फेस पुसता पुसता शिकल्या असतील. पलीकडे सगळा वर्ग तसाच हात हलवू लागला.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात कुठल्या तरी कोपऱ्यात माझं एखादं भावंड मुकाट्याने राबत असेल. आज जाऊन त्याला बघा. धूळ पुसा. पुस्तकांच्या ढिगामागे असेल तर बाहेर काढा. मोठ्यांना सोबत घेऊन त्याचे दोन्ही छापील पासवर्ड बदला, अपडेट राहिलं असेल तर करून घ्या आणि पाहुण्यांची जागा वेगळी ठेवा. दार लावलं म्हणून मन लहान होत नाही. आमच्या दाराआड रोज सकाळी स्क्रीनवर वीस मुलं सुनेची वाट बघतात, म्हणून मी ते लावून घेतो.