खो देणं

वसुधाबाईंनी लस्सीचा पेला हातात घेतला, पण ओठाला न लावताच मुद्द्याला हात घातला.

"देखिए, कल फायनल है. गुरमीत को भेजना पडेगा."

समोर पलंगाच्या कडेला गुरमीतची आई बसली होती. चंदीगडच्या सेक्टर बावीसमधल्या त्या दोन खोल्यांच्या दाराला भर दुपारीही आतून कडी असे. अठ्ठ्याऐंशी साल ते, पंजाबात अतिरेक्यांची दहशत होती. बस जरा उशिरा आली, तरी अख्खी गल्ली खिडकीत यायची. बारा जणींच्या संघातल्या तिघींना घरच्यांनी आधीच बसवून ठेवलं होतं. आता गुरमीतही आली नाही, तर मैदानात उतरायला लागणाऱ्या नऊसुद्धा भरत नव्हत्या.

वसुधाबाई मूळच्या सांगलीच्या. नवऱ्याची हवाई दलातली बदली त्यांना चंदीगडला घेऊन आली आणि शाळेला खेळाच्या बाई हव्या होत्या, म्हणून त्या गळ्यात शिट्टी अडकवून उभ्या राहिल्या. हॉकीपलीकडे काही ठाऊक नसलेल्या मुलींना त्यांनी दोन वर्षांत खो-खोचं वेड लावलं. काय दिवस होते ते! पराठ्यांचे डबे, फक्कीने पांढरे झालेले सलवारींचे पाय आणि "मॅडमजी, पाँच मिनट और!" बाईंना हिंदी मात्र शेवटपर्यंत वश झाली नाही. मराठी वाक्याला 'है' जोडलं की झाली हिंदी, असा त्यांचा खाक्या.

"बाकी लडकियाँ भी हैं," त्या पुढे म्हणाल्या, "लेकिन गुरमीत जैसा खो कोई नहीं देता. कल तो गुरमीत को खो देना ही पडेगा."

आईचा चेहरा एकदम उतरला. दाराशी उभी असलेली गुरमीत पुटपुटली, "मॅडमजी..."

बाईंना काही कळेना. मग आईच्या नजरेमागोमाग त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. पगडीतला तरणाबांड मुलगा. गुरमीतचा भाऊ. दोन वर्षांपूर्वी लुधियान्याला म्हणून बसने निघाला, तो पोचलाही नाही आणि परतलाही नाही. फोटोला हार नव्हता. आईने घालू दिला नव्हता.

"इक खो दित्ता, जी," आई म्हणाली. "हुण एहनूं वी?"

एक तर गमावला, आता हिलाही? असं विचारत होती ती. हिंदीत 'खो देना' म्हणजे गमावणं, हे काय त्यांना माहीत नव्हतं? पण लहानपणापासून जिभेवर बसलेला शब्द मराठीतच बाहेर पडला. जीभ हासडून टाकावी असं वाटलं त्यांना.

"अहो, नाही हो, तसं नव्हे," त्या चक्क मराठीतच बोलल्या. मग उठल्या, गुरमीतला जमिनीवर उकिडवं बसवलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "खो." गुरमीत उठून दारापर्यंत धावली. बाई तिच्या जागी बसल्या.

"बस, इतनाही. जिसको खो मिला, वो उठके भागती है."

"मुड के नहीं वेखदी?" मागे वळून बघत नाही का, असं आईने विचारलं.

"पीछे मुडना फाऊल है, बहनजी."

आईने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुरमीत आली, ती आईचा हात धरून. आई मैदानाच्या कडेला चुन्नीचं टोक मुठीत आवळून बसली. शेवटचं मिनिट चालू होतं. समोरच्या संघाची एकच मुलगी उरली होती आणि गुरमीत तिच्यामागे होती. ती मुलगी हुलकावणी देऊन पलीकडे सटकली. आता खो द्यायला हवा होता, पण गुरमीत आपल्याच पायांच्या भरवशावर पुढे धावत राहिली.

"खो दे, पुत्तर!" आई उठून उभी राहिली. "खो दे!"

गुरमीतने खो दिला.

तो सामना कोणी जिंकला, हे आठवायला वसुधाबाईंना आज थोडा वेळ लागतो. आठवतं ते एवढंच, की डाव संपला, मुली एकमेकींच्या गळ्यात पडल्या, तरी आई चुन्नीत तोंड खुपसून स्वतःलाच म्हणत होती, "खो दे... हुण खो दे." बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि त्यांनी तिला गप्प केलं नाही.