राखलेला पट्टा

मेघाने भेगेत हात घातला, तो कोपरापर्यंत आत गेला. खाली बोटांना गार, भुसभुशीत माती लागली. तिने हात बाहेर काढला, ओढणीला पुसला आणि भेगेच्या कडेने वाकून चालू लागली. भेग उतारावरच्या उघड्या पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. कुणी भाकरी मोडायला घ्यावी आणि मध्येच थांबावं, तशी.

खाली गोमाचं घर होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं, मागच्या पडवीत बांधलेल्या शेळ्या. इथून एक दगड सोडला असता, तर तो थेट त्या पडवीत जाऊन थांबला असता.

"जपून, मॅडम," मागून गोमा म्हणाला. "माती पोकळ झालीय तिथली."

मुरबाडच्या डोंगराकडच्या या टेपाच्या वाडीत ती दोन वर्षं येत होती. शहापूरहून सकाळी निघायचं, मुरबाडला जीप भरेपर्यंत ताटकळायचं आणि शेवटचा चढ पायी चढायचा. वाळ्याच्या गवताची मुळं उतारावरची माती किती धरून ठेवतात, यावर तिची पीएचडी चालली होती. सिमेंटची भिंत बांधायची तर खडीसाठी दुसरा डोंगर फोडावा लागतो. गवतावर भागलं तर काहीच फोडावं लागत नाही, असं तिने पहिल्याच दिवशी वाडीला सांगितलं होतं. लोकांना ते पटलंही होतं. डोंगर फुटताना त्यांनी पाहिले होते.

वाडीमागच्या उतारावर तिने शेजारी शेजारी दोन पट्टे आखले. एकात वाळा लावला. दुसऱ्यात काहीच लावायचं नाही, म्हणजे दोन्हींची तुलना करता येते. एका पट्ट्याखाली शाळा होती, दुसऱ्याखाली गोमाचं घर. वाळा कुठे लावायचा हा प्रश्न आला तेव्हा गोमाच म्हणाला होता की पोरांच्या शाळंच्या बाजूला लावा, आमी काय, म्हातारी माणसं. तिने त्यालाच राखणदार नेमलं आणि दुसऱ्या पट्ट्यात कुणाला काही लावू देऊ नका, तेवढा सांभाळा, असं बजावलं.

पट्ट्यांच्या पायथ्याला तिने दोन टाक्या बांधून घेतल्या होत्या. पावसात वाहून आलेली माती त्यांत साठे. ती वाळवून तोलायची. गेल्या पावसाळ्यात गोमाच्या घरामागची टाकी पुन्हापुन्हा भरली, आणि वाळ्याखालच्या टाकीत जेमतेम तळ झाकला गेला. तिचे गाईड शेखर सर खूश झाले. इतका ठसठशीत फरक आपण पाहिला नव्हता, असं ते चारचौघांत म्हणाले. पेपर छापून आला. शहापूरच्या विहारात मेघाचा सत्कार झाला, आई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली. आता हा एक पावसाळा मोजला की प्रबंध लिहायचा. शिष्यवृत्तीही तेवढीच पुरणार होती.

आणि पाऊस तोंडावर आलेला असताना ही भेग.

गोमाची बायको गंगी पाण्याचा तांब्या घेऊन चढण चढून आली. मेघाने तांब्या घेतला आणि सहज आजूबाजूला पाहिलं. सगळ्या उतारावर वाळलेलं पिवळं गवत होतं, करवंदीच्या जाळ्या होत्या, कातळाच्या फटीतूनसुद्धा काही ना काही वर आलेलं होतं. या पट्ट्यात मात्र एक काडी नव्हती. जमीन हाताने सारवल्यासारखी गुळगुळीत होती. आजवर तिचं लक्ष पायथ्याच्या टाक्यांकडेच असायचं.

"इथलं गवत शेळ्या खातात का हो?" तिने विचारलं.

गंगी हसली.

"शेळीची काय टाप हाय इथं यायची? हा काठी घेऊन बसतो. घरच्या भातातलं तण बेणायला याला टाइम नाय, नि तुझा पट्टा बघ, नवरीच्या कपाळासारखा."

गोमा जरा संकोचला. मग त्याने सांगितलं. पावसात रान माजतं, म्हणून तो उघडीप मिळाली की खुरपं घेऊन वर येई. रोपटं दिसलं की मुळासकट काढी. पाऊस गेल्यावर, खळं करतात तसा, सगळा पट्टा चोपण्याने चोपून घेई. वाडीत कुणाच्या ताब्यात खळं असलं आणि त्यात गवत उगवलं, तर लोक त्या माणसाला नावं ठेवत. इथे तर शहापूरची शिकलेली मुलगी विश्वासाने जागा देऊन गेली होती.

"कुणी बोट दाखवायला नको," तो म्हणाला.

मेघा पाणी प्यायली नाही. ती तिथेच उकिडवी बसली आणि तांब्या कलंडून अर्धा सांडला, तरी तिला कळलं नाही. तिला डोंगर जसा आपला आपण असतो, तसा हवा होता. त्याचं गवत, त्याची झुडपं, सगळ्यासकट. त्याच्याशी वाळ्याची तुलना करायची होती. टाकीत भरलेल्या मातीपैकी पावसाने किती आणली आणि गोमाच्या खुरप्याने किती मोकळी केली, हे आता कुणालाही सांगता येणार नव्हतं. छापलेला पेपर खोटा होता. आणि ज्या मुळांनी हा उतार बांधून ठेवला असता, ती म्हाताऱ्याने स्वतःच्या घराच्या डोक्यावरून एकेक करून उपटून टाकली होती.

वाडीत एका जांभळीखालीच फोन लागत असे. तिथून तिने शेखर सरांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं,

"हे अजून कुणाला माहीत आहे?"

"मला," मेघा म्हणाली.

मग ते समजुतीच्या सुरात बोलले. पट्ट्याला हात लावू नकोस, एकच पावसाळा राहिलाय. त्या दोघांना शाळेत हलव, माणसं सुरक्षित राहिली म्हणजे झालं. आणि पट्टा घसरलाच, तर निष्कर्ष आणखी पक्का होईल. माणूस वाईट नव्हता. तिची शिष्यवृत्ती अडकली तेव्हा तो तिच्यासाठी दारोदार फिरला होता. म्हणूनच तिला उलट बोलता येईना.

तिने परत येऊन शाळेत राहायला जाण्याचं सुचवलं. गंगीने विचारलं, तिथे चूल पेटवू देतील का, शेळ्या कुठे बांधायच्या, बियाण्याचं भात कुठल्या कोरड्या कोपऱ्यात ठेवायचं.

"आमी शाळेत जाऊ गो," गंगी म्हणाली. "नि घर कुठं जाईल?"

मेघा पुन्हा जांभळीखाली गेली. आत्ता वाळा लावून उपयोग नव्हता, त्याची मुळं या पावसात काहीच धरणार नव्हती. करता येण्यासारखं एकच होतं. भेग चिकणमातीने ठासून बुजवायची आणि दोन्ही पट्ट्यांच्या वर आडवा चर खणून डोंगराचं पाणी ओहोळाकडे वळवायचं. एवढ्याने घर वाचेलच असं तिला स्वतःलाही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. आणि चर खणला की वरून येणारं पाणी दोन्ही पट्ट्यांना तुटणार होतं. मग दोन्ही टाक्यांतली माती मोजून काहीच कळणार नव्हतं.

तिने फोनवर लिहिलं, 'सर, पेपर मागे घेऊ या. मी उद्या येते.' मग बोट कितीतरी वेळ तसंच अधांतरी राहिलं. एकदाचा संदेश गेला. ती जांभळीला टेकली. आईला काय सांगायचं, ते तिला सुचेना.

वर येऊन तिने चराचा बेत सांगितला आणि कुदळ मागितली. गोमाने ती दिली नाही.

"वर चर मारला तर पाणी तुटंल, मॅडम. मग तुमी मोजणार काय?"

त्याने कुदळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"माझ्याकडनं काय चुकलं काय?"

मेघाने त्याच्याकडे पाहिलं. गालफडं बसलेली, नखांत कायमची माती. खरं सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

"नाही, बाबा. तुम्ही राखलात तसा कुणी राखला नसता. हा दुसरा प्रयोग आहे. पाणी वळवायचा. वरून सांगितलंय."

गोमाचा चेहरा सैल झाला. त्याने वाडीकडे तोंड करून हाक दिली, की मॅडमचा दुसरा प्रयोग सुरू झालाय, कुदळी-फावडी घेऊन या. जगन आला, बुधू आला, त्यांच्या मागून आणखी चार-पाच जण आले. कुणीतरी चेष्टेने विचारलं की या प्रयोगात तरी वाडीला काही मिळणार आहे का, आणि गोमा त्याच्यावर खेकसला.

मेघा आणि गंगी वाडीखालच्या तळ्याकाठची चिकणमाती घमेल्यांनी आणून भेगेत टाकत होत्या. आभाळ डोंगराच्या अंगाला भरून आलं होतं. भेग माती गिळत होती आणि भरल्यासारखी दिसत नव्हती.

"तुला खोटं बोलाया येत नाय गो, बाय," गंगी खाली बघतच म्हणाली.

मेघाचे हात थांबले.

"मी दोन पावसाळे त्याला सांगतेय, घरावरचं रान काढू नको. तो म्हणतो, शब्द दिलाय." गंगीने घमेलं उचललं. "त्याला तू सांगू नको. तो मनात धरून बसंल."

वर चराला कुदळ लागली होती. गोमा दोरी ताणून उभा होता आणि जगनला दटावत होता, सरळ खण रे, मॅडम मोजणार हायत. मेघाने घमेलं भेगेत रिकामं केलं आणि माती पायाने दाबत राहिली.