लाळेतला ताण

मी लहान मुलांना पोहायला शिकवते. मध्यंतरी रक्तदाब वाढला, म्हणून डॉक्टरांनी ताणाच्या हार्मोनची तपासणी सांगितली. झोपण्याआधी कापसाची छोटी सुरळी तोंडात धरायची, लाळेने भिजली की नळीत टाकायची आणि सकाळी लॅबमध्ये द्यायची. एवढंच.

आकडा बघून डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"घरी काही चाललंय का?"

"काही नाही हो."

"इतका ताण असलेलं माणूस असं शांत बसत नाही," ते म्हणाले आणि दुसरा नमुना मागितला.

त्या दिवसापासून आमचे हे हळू आवाजात बोलू लागले. भांडीसुद्धा घासली.

"तुझ्या मनात काही आहे का गं?"

"आहे. ते करपलेलं पातेलं तुम्ही तसंच ठेवलंत."

मग ह्यांची बहीण आजारी पडली आणि हे तिच्याकडे गेले. त्या काळात दिलेल्या नमुन्याचा आकडा अगदी नॉर्मल आला. हे परत आले, मी तिसरा नमुना दिला, आकडा पुन्हा आभाळात. डॉक्टर गोंधळले. ह्यांनी मात्र हिशोब मांडून टाकला.

"मी नसलो की तू बरी असतेस. कागदच सांगतोय."

"कागदाला काय कळतंय?"

"मग कोणाला कळतंय? तुला तर काहीच वाटत नाही म्हणतेस."

इतक्या वर्षांत ताणाची सवयच झाली असेल तर? हरवलेली किल्ली शोधावी तसा मी तो स्वतःत शोधू लागले. हे बॅग भरून बहिणीकडे गेले. "थोडे दिवस," म्हणाले. गेल्यावर मला बरं वाटतंय का, हे मी सारखी तपासत राहिले. तेही कळेना.

एका सकाळी तलावात एक मुलगी कुरकुरली, "बाई, आज पाणी धुरकट आहे."

मी तिचा पोहायचा चष्मा काढून उजेडात धरला. काचेवर आतून अंगठ्याचा ठसा होता. तिने नुकतंच उन्हाचं क्रीम लावलं होतं.

"पाणी स्वच्छ आहे. तुझं बोट बघ."

तिने तिचं बोट बघितलं. मी माझं.

ह्यांच्या पाठीला खाज येते आणि तिथवर त्यांचा हात पोचत नाही. रोज झोपताना मलम मीच चोळते, टॉवेलला हात पुसते. त्याच बोटांनी मी कापूस तोंडात ठेवला होता.

लॅबमधल्या बाईंना फोन केला. त्यांनी मलमाचं नाव वाचायला लावलं आणि हसल्या. "आजी, त्यात तोच हार्मोन असतो. आम्ही मलमाचा ताण मोजला."

"म्हणजे मला ताण नाही?"

"तसंही नाही म्हणता येणार. मधला आकडा खरा असेल, पण एका आकड्यावर काय सांगायचं? तो रोज बदलतो. हात धुऊन पुन्हा द्या."

मी ह्यांना फोन लावला. "पाठ खाजते का?"

"भिंतीला घासतोय."

"मग या घरी."

"आणि तुझा ताण?"

"तुम्ही या. मग बघू."

रात्री ह्यांनी मला साबणाने हात धुवायला लावले आणि नळी स्वतः धरली. "आधी तुझा कापूस, मग माझी पाठ."

नवा आकडा आला तो नॉर्मलपेक्षा किंचित वर. ह्यांनी तो दोनदा वाचला.

"हा वरचा थोडासा... माझा ना?"

"कोण जाणे," मी म्हटलं. "तिकडे वळा." आणि मलमाचं झाकण उघडलं.