मास्तरचा आकडा

माझा धाकटा भाऊ गणिताचा मास्तर. निवृत्त झाला तरी मी त्याला मास्तरच म्हणते. छातीच्या दुखण्याने अंथरूण धरलं, पण डोकं थांबेल तर शपथ. माझ्या ओट्याशेजारी त्याचा कॉम्प्युटर कित्येक महिने एकच आकडा तपासत होता. दोनला दोनने काही कोटी वेळा गुणायचं आणि एक वजा करायचा. एवढा अगडबंब आकडा मूळ संख्या आहे का, म्हणजे एक आणि तो स्वतः सोडून कशानेच त्याला भाग जात नाही ना, एवढंच बघायचं. या चाचणीचा हिशेब नेहमीच्या भागाकाराच्या उलटा, शेवटी बाकी शून्य उरली तर मूळ, नाहीतर सगळं पाण्यात. घरात माणसाला वारा नाही आणि त्या डब्याला आठ पंखे.

त्या सकाळी मी एकटीच डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आता फार दिवस नाहीत. मास्तरला कळू द्यायचं नाही, असं मी रस्त्यातच ठरवलं. घरी येऊन म्हटलं, "औषध बदललंय, आता बरं वाटेल हो." आणि भाजी चिरायला बसले.

दुपारी पंखे एकदम गप्प झाले. स्क्रीनवर बाकी आली होती, लांबलचक. शून्य नव्हती. मला रडू कोसळलं. एकाच दिवशी दोन्हीकडून नकार, काही सुमार आहे की नाही? तोंड धुतलं आणि त्याच्या खोलीत गेले.

"शून्य आलं रे बाळा," म्हणाले आणि त्याची उशी सारखी केली.

तो म्हणाला, "ताई, शून्य आलं असतं तर तू डाफरली असतीस. झालं ना एकदाचं, आता उचल तो डबा इथून, म्हणाली असतीस."

मी पुन्हा उशीच सारखी करायला लागले.

"म्हणजे मूळ नाही," तो म्हणाला. "कशाने भाग जातो, ते ही चाचणी सांगत नाही. जातो, एवढंच कळतं." मग हळूच म्हणाला, "सकाळपासून तू गोड बोलतेयस. डॉक्टर काय म्हणाले?"

मग मी सगळं सांगितलं. रागारागानेच सांगितलं, मला दुसरं कुठे काय येतं? तो माझा हात धरून ऐकत होता. घाबरला होता.

मग म्हणाला, "पुढचा आकडा लहान लावू. लवकर संपेल."

"लहान सगळे तपासून झालेत म्हणतोस ना?"

"एकाने तपासलेला दुसऱ्याने पुन्हा तपासावा लागतो. मशीनही चुकतं. ते काम करू आपण."

मी डोळे पुसून उठले. "किती लहान लावू?"

"डॉक्टर नेमके किती दिवस म्हणाले?"

मी सांगितलं. त्याने डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला आणि मला आकडा सांगितला.