वीस लिटर पाणी आणि लाव्हाच्या उश्या

मित्रांनो, माझा लाल रंग उन्हाने विटला आहे आणि झाकणाची कडीही एका बाजूने तुटली आहे. तरी माझी ओळख मी ताठ मानेनेच करून देतो. मी एक जुना पाण्याचा थर्मास आहे. वीस लिटर पाणी पोटात मावेल एवढा मोठा, पुढे पांढरी तोटी असलेला. ओमानमध्ये माझ्यासारखे थर्मास गाडीगाडीत दिसतात. पण मी लाव्हाच्या डोंगरात एक माणूस जपला आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. तापून मऊ झालेले प्लास्टिक साच्यात शिरले, थंड झाले आणि मी आकाराला आलो. २०१३ च्या हिवाळ्यात सोहारच्या बाजारातून सुगंधाताईंनी मला घरी आणले. त्यांचे यजमान एकनाथराव मूळचे लांज्याकडचे, सोहारच्या एका कारखान्यात फिटर. त्यांची मुलगी शिवांगी तेव्हा आठ वर्षांची होती.

"एवढा मोठा कशाला? आपण तिघंच तर आहोत," एकनाथराव म्हणाले.

"डोंगरात काय दुकानं मांडून ठेवलीत तुमच्यासाठी?" सुगंधाताई म्हणाल्या आणि मला गाडीत ठेवून मोकळ्या झाल्या.

दर शुक्रवारी आम्ही फिरायला निघायचो. आमची आवडती जागा म्हणजे वादी जिझी. सोहारपासून फार लांब नाही. वादी म्हणजे डोंगरातले नदीचे पात्र, बहुतेक वेळ कोरडेच. तिथे काळपट तपकिरी गोल दगड एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे दिसतात.

"बाबा, हे तर पिलोज आहेत!" पहिल्याच दिवशी शिवांगी ओरडली होती. तेव्हापासून आमच्या घरात त्या दगडांचे नाव 'उश्या' पडले.

हिवाळ्यात त्या उश्यांजवळ सतरंजी अंथरून आम्ही दिवसभर बसायचो. पाऊस झाला की वादीतून पाणी खळाळायचे. मग एकनाथराव गाडी लांब उंचावर लावायचे. त्यानंतर दगडांच्या फटीत गवत उगवायचे आणि ते खायला शेळ्या यायच्या. उन्हाळ्यात मात्र तिकडे कुणी फिरकत नसे. मी स्वयंपाकघरात उभा राहून कोकम सरबत सांभाळत असे.

फक्त २०१५ चा जून त्याला अपवाद ठरला.

सुगंधाताईंचे वडील, कृष्णकांत अण्णा, गावी भूगोलाचे शिक्षक होते. त्यांचा व्हिसा हिवाळ्यात व्हायचा तो रखडला आणि ते भर उन्हाळ्यात येऊन पोहोचले. आल्याआल्या त्यांनी एकच गोष्ट मागितली.

"मला त्या उश्या दाखवा. तेहतीस वर्षं मी ज्वालामुखी फळ्यावर काढला, लाल खडूने. समुद्राच्या तळाशी सांडलेल्या लाव्हाला एकदा हात लावू दे."

पहाटेच जाऊन आठच्या आत परतायचे ठरले. डिकीत अण्णांची घडीची खुर्ची होती. मला जागा उरेना.

"दोन तासांचं तर काम. चार बाटल्या बस झाल्या," एकनाथराव म्हणाले.

"खुर्ची राहू दे. थर्मास येणार," सुगंधाताई म्हणाल्या. मी काठोकाठ भरून निघालो.

डांबरी रस्ता सोडून बरेच आत गेल्यावर, उश्या समोर दिसत असतानाच, गाडीची मागची चाके वाळूत रुतली. एकनाथरावांनी वाळू उकरली, चाकांखाली पायपुसणी घातली. चाके आणखी खोल गेली. मोबाईलला रेंज नव्हती. नको नको म्हणत असताना अण्णाही गाडी ढकलायला लागले आणि थोड्याच वेळात मटकन खाली बसले. चेहरा लालबुंद झाला होता. बोलणे अडखळत होते.

सुगंधाताई घाबरल्या, पण त्यांचे हात थांबले नाहीत. अण्णांना बाभळीच्या सावलीत निजवून त्यांनी माझी तोटी सोडली. टॉवेल भिजवून मानेवर, काखेत, पायांवर ठेवले. अण्णा नीट गिळू लागल्यावर मीठ-साखरेचे पाणी घोटाघोटाने पाजले.

"आई, आजोबा... ठीक होणार ना?" शिवांगीने विचारले.

"तू वारा घाल. थांबू नकोस."

एकनाथराव उठले. "मी चालत रस्त्यापर्यंत जातो."

"या उन्हात? वाटेत पडलात तर आम्हाला कळणारसुद्धा नाही. अहो, बसा. पाणी आहे तोवर आपण सगळे इथेच."

पाणी आहे तोवर! मित्रांनो, त्या शब्दांनी माझी छाती फुगली आणि भीतीही वाटली. सुगंधाताईंनी आपली पिवळी ओढणी गाडीच्या टपावर बांधली. माझ्या पोटातली पातळी उतरत गेली. पंधरा लिटर, बारा, मग नऊ. बाहेर दगड तापून हात लावू देत नव्हते, पण माझ्या दुहेरी भिंतींच्या आत पाणी गार होते. एवढेच माझे काम होते आणि ते मी चोख केले.

अकराच्या सुमारास पिकअपचा आवाज आला. महमूद नावाचे एक वयस्कर ओमानी गृहस्थ चुकलेली शेळी शोधत फिरत होते. लांबून त्यांना ती ओढणी दिसली. उतरताच त्यांनी आधी अण्णांकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"पानी है? पानी है तो बस, खलास, डर नहीं."

तोवर अण्णा उठून बसले होते. महमूदांनी दोर लावून गाडी बाहेर काढली. "यल्ला, चलो हॉस्पिटल," ते म्हणाले.

"दहा पावलांवर आहेत त्या," अण्णा हळूच म्हणाले. "हात लावतो आणि निघतो."

"अण्णा, आता हट्ट पुरे!" सुगंधाताईंना रडू आले. पण महमूदांनी पिकअपचे दार उघडले, अण्णांना बसवले आणि गाडी थेट उश्यांच्या कडेला नेली. अण्णांनी खिडकीतून ओला टॉवेल दगडावर टाकला आणि त्यावर तळहात ठेवला.

"शिवांगी, बघ. समुद्राच्या तळाला भेग पडली, लाव्हा बाहेर आला. पाणी लागताच वरचं अंग थिजलं, आतला लाव्हा ढकलत राहिला, म्हणून असा गोल फुगला. पुढे तो तळच वर उचलला गेला, डोंगर झाला."

शिवांगीचे मराठी नेहमी अडखळायचे. त्या दिवशी मात्र तिने सगळे पुन्हा, न थांबता, मराठीत म्हणून दाखवले. मग महमूदांना हिंदीत सांगितले.

"समंदर का पत्थर?" ते हसू लागले. "मेरा बकरी रोज इसपर सोता है!"

संध्याकाळी डॉक्टर सुगंधाताईंना म्हणाले, "वेळेवर गार केलंत, म्हणून निभावलं." मी हॉस्पिटलच्या दाराशी रिकामा उभा होतो. इतका भरलेला मी पूर्वी कधीच नव्हतो.

त्यानंतरच्या हिवाळ्यांत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला माझी गोष्ट सांगितली जाई. पण दिवस सारखे नसतात. गाडीत चालणारा छोटा फ्रीज आला. माझी तोटी गळू लागली. मला बाल्कनीत ठेवले आणि माझ्या पोटात जुनी पायताणे कोंबली. २०१९ मध्ये बिऱ्हाड मस्कतजवळ अल हैलला हलले. तिथे मला कचऱ्याच्या डब्याशेजारीच ठेवले.

मे महिन्यात एका दुपारी शिवांगी शाळेतून आली. रस्ता झाडणारे दोन कामगार एसीच्या नळीतून गळणारे पाणी ओंजळीत धरून तोंडाला लावत होते. ती तिथेच थांबली. मग माझ्याकडे आली, पायताणे काढली, मला साबणाने तीनदा घासले आणि दुकानातून नवी तोटी आणून बसवली. तेव्हापासून इमारतीच्या दाराशी, सावलीत, मी रोज भरलेला असतो.

मित्रांनो, एकच मागणे आहे. आमच्यासारख्या वस्तू टाकण्याआधी एकदा धुऊन पाहा. बिघाड बहुधा तोटीएवढाच असतो. आणि दाराशी पाणी ठेवलेत, तर ते रोज बदला. शिवांगीची आता दहावी आहे, पहाटे उठून अभ्यास असतो. तरी पुस्तक उघडण्याआधी ती मला भरते.