बिनठशांचं गिऱ्हाईक

मित्रांनो, एल्डन प्रुइट मला घरी नेऊ शकला नाही. तो गेला, आणि मी अजून मर्लच्या दुकानातल्या तिजोरीतच आहे.

हे मी लिहिलंच नाही असं समजा. आत्मवृत्त जन्मापासून सुरू करायचं असतं.

तर, मी एक जुनी मशीनगन आहे. माझा जन्म महायुद्धात, इंडियानातल्या एका कारखान्यात झाला. एरवी तिथे मोटारींचे दिवे बनायचे. पत्रा दाबून माझी दोन अर्धुकं केली आणि ती एकमेकांना जोडली. खर्च आला वीस डॉलर. गॅरेजमध्ये ग्रीस भरायचा पंप असतो ना, मी हुबेहूब तशी दिसते, म्हणून शिपाई मला ग्रीस गन म्हणायचे. रूपाचं कौतुक तिथेच संपलं. रणगाड्यात बसणाऱ्यांना मला देत, कारण मी आखूड होते आणि हरवले तरी कुणी रडणार नव्हतं.

युद्धानंतर सरकारी नोंदवहीत माझं नाव रीतसर चढलं. खासगी माणसाने मला घ्यायचं तर दोनशे डॉलर कर. तो कुणी घेऊच नये म्हणून लावलेला होता, माझ्या किमतीच्या दहापट. मग १९८६ साली सामान्य माणसांसाठी ती वहीच बंद झाली. तेव्हापासून आम्ही जेवढ्या नोंदलेल्या, तेवढ्याच. आम्ही गंजतो, मोडतो, पुरात वाहून जातो. नवीन एकही येत नाही. त्यामुळे मी काहीही न करता महाग होत गेले. बेकारीत इतकी प्रगती केलेलं दुसरं कुणी माझ्या पाहण्यात नाही.

बावीस वर्षं मी एका दंतवैद्याकडे होते. त्यांनी मला एकदाही चालवलं नाही. चालवली तर झिजेल, झिजली तर भाव उतरेल. दर नाताळला ते मला तेल लावायचे आणि पाहुण्यांना दाखवून लगेच म्हणायचे, "हात नका लावू." मित्रांनो, जपणं म्हणतात ते हेच, असं मला तेव्हा वाटायचं. मग ते फ्लोरिडाला राहायला गेले आणि मला बंदुकांचा दुकानदार मर्ल हॉट्झ याला विकून गेले. मर्लने माझ्यावर एकतीस हजारांची चिठ्ठी लावली.

एल्डन आला तेव्हा एकाहत्तर वर्षांचा होता. त्याने आयुष्यभर विटा रचल्या. मर्लच्या दुकानाची मागची भिंतही त्याचीच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी बांधलेली. शेवटची वीट बसली की ओल्या सिमेंटमध्ये उजवा अंगठा दाबायचा, ही त्याची रीत. त्या भिंतीतला ठसा माझ्या तिजोरीच्या बरोबर समोर आहे. तिजोरी उघडली की मला आधी तो अंगठा दिसतो, मग मर्ल.

एल्डनबरोबर त्याची बायको नॉर्मा होती.

"किती म्हणालास?" तिने विचारलं.

"एकतीस."

"शे?"

"हजार."

नॉर्माने खुर्ची ओढली. "मर्ल, हिच्यात गोळ्या किती मावतात?"

"तीस, नॉर्माबाई."

"आणि त्या संपायला किती वेळ लागतो?"

मर्ल प्रामाणिक माणूस. "चार सेकंद."

"चार सेकंदांसाठी बोट विकणार, ट्रक विकणार! अरे, एवढ्या पैशात मी तुला चार वर्षं शिव्या ऐकवते."

"त्या फुकट मिळतात," एल्डन म्हणाला. मग म्हणाला, "बाबा हिच्या एका बहिणीला मांडीवर घेऊन सहा महिने रणगाड्यात बसले होते. घरी आल्यावर एक अक्षर बोलले नाहीत. मरेपर्यंत नाही. ते नाही बोलले, निदान ही काय बोलते ते तरी ऐकू दे."

बोट गेली, ट्रक गेला.

पण माझ्यासारखी बंदूक नुसते पैसे भरून घरी नेता येत नाही. अर्ज जातो, सोबत फोटो आणि दहा बोटांच्या ठशांची दोन कार्डं. मंजुरी येईपर्यंत मी दुकानातच. एल्डन दर शनिवारी मला भेटायला यायचा, तुरुंगातल्या माणसाला भेटतात तसा. मर्ल मला काउंटरवर ठेवायचा, एल्डन पोर्कचं सँडविच खायचा, आणि वेळ संपली की मी आत.

मग कार्डं परत आली. ठसे वाचता येत नाहीत. शेरीफच्या कचेरीतल्या बाईने एल्डनची बोटं उलटसुलट करून पाहिली.

"काका, इथे काहीच नाहीये."

"म्हणजे?"

"बोटं आहेत, ठसे नाहीत. तुम्ही बंदूक कशाला घेता? सरळ बँक लुटा."

पन्नास वर्षांच्या वाळू-सिमेंटने त्याचे ठसे खाल्ले होते. एल्डनने वीट सोडली. चर्चची चिमणी दुरुस्त करायला नाही म्हणाला. नॉर्माची क्रीम चोपडून, हातमोजे घालून झोपू लागला. सकाळी कॉफीला जमणारे दोस्त म्हणायचे, "दाखव रे हात! वा, नवरीचे झालेत!" दोन महिन्यांनी बारीक रेषा उगवल्यासुद्धा. एल्डन त्या दाखवत फिरायचा, नातवाचा दात दाखवावा तसा.

आणि मग डॉक्टरांना त्याच्या आतड्यात गाठ सापडली. त्यांनी जी गोळी दिली, तिने तळहात सोलले जातात. बोटं काचेसारखी गुळगुळीत झाली. दुसरी कार्डंही परत आली.

"ही गोळी दोन आठवडे थांबवता येईल?" त्याने डॉक्टरांना विचारलं.

"का?"

"सरकारला माझी बोटं हवी आहेत."

डॉक्टर नाही म्हणाले. एल्डनने ऐकलं नाही. दोन आठवड्यांचे दोन महिने झाले. एका शनिवारी नॉर्मा दुकानात आली आणि तिने क्रीमची बाटली काउंटरवर उपडी केली. एल्डनने न गिळता लपवलेल्या औषधाच्या गोळ्या क्रीममध्ये माखून माझ्या शेजारी पसरल्या.

"मर्ल, तू सांग ह्याला."

मर्लने मला उचललं. "एल्डन, चल मागच्या शेतात. आत्ता. मी चालवतो, तू ऐक. कुणाच्या नावावर आहे ते हिला थोडंच कळतंय?"

"बापाचा आवाज भाड्याने ऐकू?" एल्डन म्हणाला. "माझी झाली की माझ्या कुरणात चालवीन."

"आणि नंतर मी कुणाचा आवाज ऐकायचा?" नॉर्माने विचारलं.

ह्याचं उत्तर मी द्यायला हवं होतं; पण मला फक्त चार सेकंद बोलता येतं.

तिसऱ्या कार्डांवर ठसे स्पष्ट उमटले. त्या दिवशी एल्डन काळीकुट्ट बोटं घेऊनच दुकानात आला, पुसायला तयार नव्हता. पुढचे सात शनिवार तो काठी टेकत आला. आठव्या शनिवारी आला नाही. मर्लने फोन घेतला, बराच वेळ "हो, हो" म्हणाला, आणि माझ्यावर कापड टाकलं.

मंजुरी तो गेल्याच्या नवव्या दिवशी आली. कराचं तिकीट चिकटवलेलं, शिक्का सरळ. पण घेणारा जिवंत असावा लागतो. मर्लने कागद ड्रॉवरमध्ये ठेवला, नॉर्माचे पैसे परत केले आणि माझ्यावर नवी चिठ्ठी लावली. चौतीस हजार. मी पुन्हा प्रगती केली.

नॉर्मा पैसे घ्यायला आली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती भिंतीपाशी गेली आणि त्या ठशात आपला अंगठा ठेवला. तो तिला मोठा होत होता. तिने अंगठा बराच वेळ उचलला नाही.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा असं तुम्हाला शिकवतात. त्यातलं जपणं माझ्या वाट्याला पुष्कळ आलं. बाकी मला काही शिकवता येत नाही. एक अर्ज तेवढा करायचा आहे.

प्रति, माननीय नोंदणी अधिकारी.
विषय: हस्तांतरणास मंजुरी मिळणेबाबत.

महोदय, माझी नोंद कै. एल्डन प्रुइट, राहणार मेथॉडिस्ट चर्चमागील दफनभूमी, रांग चौथी, यांच्या नावे करण्यात यावी, ही नम्र विनंती. कर भरलेला आहे. अर्जदार हयात नाहीत, ही त्रुटी क्षमापित व्हावी. ठशांबाबत आता आपली तक्रार राहू नये. सोबतचा ठसा अत्यंत स्पष्ट असून तो मी रोज पाहते.

सोबत: भिंत, एक.